पाच धातू आणि उत्तरेची खिडकी

निवृत्तीनंतर कोणी विचारलं, "कॉलेजात काय काम करायचात?" की मी सांगतो, भांडी घासायचो. समोरच्याचा चेहरा जरा पडतो. मग स्वयंपाकघरातून आमच्या मंडळींचा आवाज येतो, "घरी एक वाटी विसळली न्हाई कधी!" दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. श्रीरामपूरच्या पुढे, एका साखर कारखान्याच्या कुंपणाला लागून असलेल्या कॉलेजात मी एकतीस वर्षं रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक होतो. काचेची भांडी धुणं, बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवणं, बर्फ आणणं, पोरांनी सांडलेलं ॲसिड पुसणं आणि सर-मॅडम लोकांना चहा देणं, असं एकूण खातं. पोरं मामा म्हणायची. माझं नाव रंगनाथ आहे हे कॉलेजात फक्त पगारपत्रकाला माहीत होतं.

संपादक म्हणाले, तुमच्या कामाबद्दल लिहा. एकतीस वर्षांची हजेरी मांडली तर तुम्ही पुढच्या पानावरच्या राशिभविष्याकडे वळाल, आणि तुमची चूकही नसेल. म्हणून फक्त शेवटच्या काही वर्षांतली एक गोष्ट सांगतो. ती सांगायची राहून गेली आहे.

त्या वर्षांत आमच्या विभागप्रमुख मॅडमनी एक नवीन काम अंगावर घेतलं. पाच धातू एकत्र करून त्यांचे अतिसूक्ष्म कण बनवायचे. प्लॅटिनम, रुथेनियम, निकेल, कोबाल्ट आणि लोखंड. ही बातमी गावात गेली, गावातून शिर्डीला गेली, आणि एक दिवस तिथले अंगठ्या विकणारे एक दुकानदार मोटारसायकलवरून थेट प्रयोगशाळेत हजर.

"ऐकलं, तुमी पंचधातू बनवताय. किलोचा काय रेट लावताय?"

मॅडमनी चष्मा वर केला. "काका, आम्ही वर्षभरात चमचाभर बनवतो."

"चमचाभर? मंग परवडतं कसं?"

"परवडत नाही," मॅडम म्हणाल्या.

दुकानदारांनी काळ्या भुकटीची कुपी उजेडात धरून पाहिली. अंगठी सोडा, डोळ्यात काजळ घालायलाही पुरणार नाही एवढा माल. फार वाईट वाटलं त्यांना. जाताना मलाच समजावून गेले, "मामा, दुसरं काय तरी बघा. न्हाई चालायचा हा धंदा."

त्यांना जे सांगायला वेळ मिळाला नाही ते तुम्हाला सांगतो. पाण्यात वीज सोडली की हायड्रोजन निघतो. तो जाळला की धूर होत नाही, पुन्हा पाणीच होतं. म्हणून सगळं जग त्याच्या मागे लागलं आहे. पण पाणी हायड्रोजन सहजासहजी सोडत नाही. त्याला राजी करायला मध्ये कोणीतरी लागतं, त्याला पुस्तकात उत्प्रेरक म्हणतात. प्रत्येक गावात असा एक गृहस्थ असतो, जो दोन पार्ट्यांना समोरासमोर बसवतो, सौदा जमला की उठतो आणि पुढच्या दारी जातो. स्वतः काही घेत नाही, काही देत नाही, पण तो नसला तर काम अडतं. या कामात प्लॅटिनम सगळ्यांत पटाईत. फक्त त्याची किंमत ऐकली की बसायला खुर्ची लागते. मग त्यात स्वस्त धातू मिसळायचे आणि कण होता होईल तितके बारीक करायचे. बटाटा अख्खा तळला तर वरची सालच तेवढी कुरकुरीत होते, किसून तळला तर सगळाच कुरकुरीत होतो. तसंच हे. कण बारीक झाला की आतला ऐवज वाया जात नाही, सगळाच बाहेर येऊन कामाला लागतो. आमचे कण असे होते की चाळीसेक हजार एका रांगेत उभे केले तर केसाची जाडी भरावी. मी ते कधी पाहिले नाहीत. मॅडमनीही नाही. बाहेरगावी मोठ्या यंत्राकडे नमुना पाठवायचा, तिकडून फोटो यायचा, आणि आम्ही मुलाकडचा फोटो आल्यासारखे सगळे त्यावर वाकायचो.

बनवायची पद्धत ऐकायला सोपी आहे. पाचही धातूंचे क्षार पाण्यात विरघळवायचे, चहासारखा रंग येतो. कण एकमेकांना चिकटू नयेत म्हणून त्यात साबणासारखं एक रसायन घालायचं. फ्लास्क बर्फात बसवायचा. दुसरीकडे एक पांढरं औषध बर्फाच्या पाण्यात विरघळवून ठेवायचं आणि ते एका दमात फ्लास्कमध्ये ओतायचं. एका दमात, हे महत्त्वाचं. कारण पाची धातूंचे स्वभाव वेगळे. प्लॅटिनम घाईचा, लगेच खाली बसतो. लोखंड रेंगाळतं. हळूहळू ओतलं तर जो तो आपापला वेगळा कण करून बसतो आणि मिश्रधातू होतच नाही. झपकन ओतलं तर कोणालाच विचार करायला सवड मिळत नाही, सगळे एकाच कणात सापडतात. चहाच्या रंगाचं पाणी डोळ्यांदेखत काळं होतं. मग ते यंत्रात गरगर फिरवून तळाशी बसवायचं, धुवायचं, काजळीसारख्या कार्बनवर चढवायचं आणि वाळवायचं.

वाळवणं हे माझं खातं. आणि गोष्ट इथेच आहे.

वाळवायला खरं तर हवा काढून घेणारी भट्टी लागते. आमच्याकडे ती होती. तिचा पंप बिघडला होता. पंपाचं पत्र संस्थेकडे गेलं होतं आणि तिकडेच रमलं होतं. मॅडम हैराण झाल्या तेव्हा मी म्हणालो, "मॅडम, काळजी करू नका. आमच्याकडे कुरडया याहून अवघड असतात." प्रयोगशाळेला उत्तरेला एक मोठी खिडकी आहे. तिथे ऊन येत नाही, वारा मात्र कोरडा आणि झुळझुळ येतो. काचेच्या बशीत भुकटी पसरायची, वर मलमलचं फडकं दोऱ्याने बांधायचं आणि खिडकीत ठेवायचं. सकाळी खडखडीत. मॅडमनी पाठ थोपटली. प्लॅटिनमच्या क्षाराची पहिली बाटली उशिरा, मार्चअखेर आली होती. पीएचडीच्या पहिल्या मुलाने, सतीशने, त्या उन्हाळ्यात याच खिडकीत वाळवलेल्या भुकटीवर झकास काम करून दाखवलं. त्याचा लेख परदेशातल्या मासिकात छापून आला, पुण्याला नोकरी लागली, आणि तो पेढे देऊन गेला. लेखात 'खोलीच्या तापमानाला वाळवले' असं एक वाक्य होतं. ते मी बायकोला बोट ठेवून दाखवलं. म्हटलं, हा मी.

सतीशच्या जागी रुबिना आली. नगरची मुलगी. वडील मुनीरभाई, जुन्या बाजारात कल्हईचं दुकान. म्हणजे तांब्या-पितळेच्या भांड्यांना आतून कथलाचा मुलामा देणारे. शांत, नीटनेटकी, वहीतलं अक्षर असं की मॅडम इतर पोरांना दाखवायच्या. तिने सतीशची पद्धत शब्दन् शब्द पाळली. पाणी काळं झालं, फोटोत कण बारीक आले, पाची धातू एकत्र आले. आणि कामाला लावलं तर कण ढिम्म हलेनात.

काम तपासायचं कसं, तेही सांगतो. भुकटीची शाई करून एका कांडीच्या टोकाला टिकलीएवढा थेंब लावायचा, वाळला की कांडी आम्लात बुडवायची आणि विजेचा जोर हळूहळू वाढवत जायचं. जितक्या कमी जोरावर बुडबुडे सुरू होतील तितका माल चांगला. सतीशच्या टिकलीवर बुडबुडे लगेच उठायचे. रुबिनाच्या टिकलीवर आपण पाहतच राहायचं.

तिने दहा वेळा केलं. वीस वेळा केलं. बाकीच्या क्षारांच्या बाटल्या बदलल्या, पाणी बदललं, माझ्याकडून भांडी तीनतीनदा धुवून घेतली. एकदा तर मॅडमनी स्वतः फ्लास्क धरला. त्यांचाही माल तसाच निघाला, पण त्याचं खापर हवेतल्या गारठ्यावर फुटलं. आमच्याकडे प्लॅटिनमच्या क्षाराची मंजुरी दिवाळीच्या आसपास यायची आणि बाटली फेब्रुवारीपर्यंत संपायची. त्यामुळे सगळी मेहनत थंडीतच. त्या वर्षी मे महिन्यात बाटलीच्या तळाला राहिलेल्या चिमटीभर क्षारातून तिने एक शेवटचा प्रयत्न केला आणि कांडीवर असे बुडबुडे उठले की मी चहा तिथेच ठेवून बघायला गेलो. रुबिना टाळ्या पिटत होती. पण क्षार संपला होता. नवीन बाटली नोव्हेंबरमध्ये आली, तिने पुन्हा केलं, आणि पुन्हा ढिम्म.

ते एकदाच जमणं तिला फार महागात पडलं. आधी सगळे नुसते हळहळत होते, आता शंका घेऊ लागले. मेमधला आलेख खरा होता ना? मॅडमनी तो तीनदा मागवून पाहिला. आलेख परत देताना तिच्याकडे बघितलं नाही. स्टाफरूममध्ये एक वाक्य फिरायला लागलं: तिच्या हाताला गुण नाही. हे वाक्य कोणी आणलं असेल? चहा घेऊन जो सगळीकडे जातो, त्याने. "सतीशचा हातच वेगळा होता," असं मी कपबशा मांडता मांडता म्हणायचो. गमतीत म्हणायचो. तिच्यासमोरही म्हणायचो, "बाई, तू नुसती वही लिही, हात लावू नकोस." ती हसायची. मला वाटायचं, विनोद छान झाला.

दुसऱ्या हिवाळ्याच्या शेवटी, जानेवारीत, तिची प्रगती पाहायला समिती यायची होती. समितीने शेरा मारला की प्रगती नाही, तर नोंदणी रद्द. दोन वर्षं गेली ती गेलीच, शिवाय ही मुलगी आकडे फिरवते असा संशय पाठीला चिकटून राहील, तो वेगळाच. संक्रांतीच्या आदल्या आठवड्यात तिने घरी फोन केला की मी नाव काढून घेते आहे. दुसऱ्या दिवशी अकराच्या एसटीने मुनीरभाई तिला न्यायला आले.

ते प्रयोगशाळेच्या दारात उभे राहिले आणि खिशातून रुमाल काढून नाकाला लावला.

"मामा, हितं काय मेलंय का?"

मी इकडेतिकडे पाहिलं. "कुठं काय?"

"आवो, अंडी सडल्यावानी वास येतोय. तुमाला येत न्हाई?"

"हां, तो होय. मळीचा वास तो. कारखान्याचा. त्यात काय!"

आम्हाला तो वास येत नाही. आमच्या भागातला माणूस मुंबईला मुलाकडे आठ दिवस राहून आला तर परतल्यावर पहिल्या दिवशी येतो, दुसऱ्या दिवशी नाही. पाहुणे नाक धरतात, आम्ही पाहुण्यांना हसतो. मुनीरभाईंनाही मी हसलो.

रुबिना ग्रंथालयात अर्ज लिहीत बसली होती. मुनीरभाईंची जेवायची वेळ झाली होती, म्हणून त्यांना घरी घेऊन गेलो. क्वार्टर आवारातच. संक्रांतीच्या हळदीकुंकवाची तयारी चालली होती. मंडळींनी ओसरीवर चांदीची अत्तरदाणी आणि गुलाबदाणी काढली होती आणि राखेने घासघास घासत होत्या. मुनीरभाई पाटावर बसले खरे, पण कारागिराचा डोळा, भाकरीकडे जायच्या आधी भांड्याकडे गेला. त्यांनी गुलाबदाणी उचलून बोटाने चोळली.

"ताई, चांदी चांगली हाय. येवढी काळी कशानं पडली? चुलीपाशी ठेवता काय?"

"चुलीपाशी कशाला ठेवीन? कपाटात ठेवते, फडक्यात बांधून. तरीबी कारखान्याचा हंगाम सुरू झाला की काळी कुट्ट. दर साली त्येच."

"आन् हंगाम संपल्यावर?"

"मंग काय न्हाई. उन्हाळाभर पुसायचीबी गरज लागत न्हाई बघा."

मुनीरभाईंनी गुलाबदाणी खाली ठेवली. "गंधक असंल त्या वासात. आमच्या कामात गंधक लई वाईट. त्याचा नुसता वारा लागला तरी कल्हई धरत न्हाई. भांडं किती बी घासा, धातू रुसतो तो रुसतोच."

माझ्या हातात भाकरीचा तुकडा होता. तो ताटात परत ठेवल्याचं मला स्पष्ट आठवतं. हंगाम दिवाळीला सुरू होतो आणि मार्चच्या पुढेमागे संपतो. प्लॅटिनमची बाटली दिवाळीला येते, फेब्रुवारीला संपते. सतीशने काम केलं ते एप्रिल-मेमध्ये. रुबिनाला एकदाच जमलं, तेही मेमध्ये. आणि कारखान्याची डिस्टिलरी, जिथे मळीपासून स्पिरिट गाळतात, ती आहे कॉलेजच्या उत्तरेला, त्या खिडकीच्या समोर.

चपला न घालताच मी प्रयोगशाळेकडे निघालो. मागून मंडळी ओरडत होत्या, "आवो, पाव्हणं जेवतायत!" खिडकीत ती काचेची बशी होती. मलमलचं फडकं, दोऱ्याची गाठ, सगळं कसं नीट. झुळझुळ वारा येत होता. कुरडयांना लावतात तेवढ्याच प्रेमाने मी दोन हंगाम त्या पोरीच्या कणांना रोज विष खाऊ घालत होतो. शास्त्रातही याला विषबाधाच म्हणतात, हे मला मागाहून कळलं. गंधकाचा कण धातूवर येऊन बसतो आणि उठत नाही. मोठ्या तुकड्यावर बसला तर चालून जातं. आमचा कण म्हणजे सगळा वरचा भागच, तिथे चार पाहुणे आले तरी घर भरतं.

पण एवढ्यावर मॅडमकडे जायचं धाडस नव्हतं. मग मी माझ्या आयुष्यातला एकमेव प्रयोग केला. मंडळींची जुनी चांदीची जोडवी घासून लख्ख केली. एक खिडकीत ठेवलं, दुसरं घट्ट झाकणाच्या बरणीत घालून त्याच खिडकीत ठेवलं. मुनीरभाईंना एक दिवस ठेवून घेतलं, रुबिनाला म्हटलं अर्ज उद्या दे. दुसऱ्या दिवशी सकाळी बरणीतलं जोडवं जसंच्या तसं, आणि बाहेरचं चहा सांडल्यासारखं तपकिरी. मंडळी म्हणाल्या, "आता दुसरं बी काळं करा, न्हाई तर जोड जमायचा न्हाई."

दोन्ही जोडवी मॅडमच्या टेबलावर ठेवली आणि सांगितलं, हवेत गंधक आहे. मॅडमनी दोन्ही जोडवी उचलून शेजारीशेजारी धरली. हुशार बाई, एका मिनिटात सगळं जुळवलं. मग त्यांनी विचारलं, "खिडकीत वाळवायचं कधी ठरलं आपलं?"

मी म्हणालो, "आपल्या विभागाची पद्धतच आहे ती, मॅडम."

विभागाची पद्धत! एकतीस वर्षांत विभागाला एवढा मोठा मान मी कधी दिला नव्हता. मॅडमना सगळं आठवत होतं. मुनीरभाई बाजूलाच उभे होते, त्यांनाही कळलं. दोघांनीही मला तसंच सुटू दिलं.

मग आम्ही उत्तरेची खिडकी बंद करून फटींना चिकटपट्टी लावली. कपाटावर धूळ खात पडलेलं जाड काचेचं झाकणाचं भांडं काढलं. त्याच्या कडेला नवीन ग्रीस लावलं, हातपंपाने हवा काढली आणि रुबिनाने केलेली भुकटी त्यात वाळत ठेवली. तिसऱ्या दिवशी दुपारी तिने कांडी आम्लात बुडवली. मॅडम, निकाल बघायला थांबलेले मुनीरभाई आणि मी मागे उभे. तिने जोर वाढवायला सुरुवात केली, आणि आम्ही श्वास घ्यायच्या आत टिकलीवर बुडबुडे फुटायला लागले. बारीक, दाट, थांबेचनात. मुनीरभाईंना आलेख कळत नव्हता. ते लेकीचा चेहरा बघत होते, त्यांना तेवढ्यावरून कळलं. "जमलं," ते मला म्हणाले, "धातूनं धरलं."

आठवड्याने समिती आली. बाहेरच्या कॉलेजचे अध्यक्ष, सोबत दोघं. रुबिनाने सगळं मांडलं. गंधक, हंगाम, बंद भांडं. अध्यक्ष खूश होते. पण समितीला एक सवय असते, खूश असली तरी एक खोट काढल्याशिवाय तिला चहा गोड लागत नाही.

"हे सगळं ठीक. पण इतकी नाजूक भुकटी दोन वर्षं उघड्या खिडकीत वाळवली कोणी?"

मी मागे स्टुलावर बसलो होतो. मॅडमनी माझ्याकडे पाहिलं, मग कागदाकडे. माझ्या निवृत्तीला सहा महिने होते, पेन्शनची फाईल संस्थेत होती, आणि संस्थेच्या कागदावर माझ्या नावापुढे चूक लागलेली कोणालाच नको होती. मलाही नको होती.

रुबिना म्हणाली, "माझी चूक, सर. मी उघड्यावर वाळवलं."

अध्यक्षांनी मान हलवली आणि लिहिलं. मला जागेवरून ते दिसलं नाही, पण त्यांनी वाचूनच दाखवलं: प्रगती समाधानकारक, मात्र सुरुवातीच्या काळात विद्यार्थिनीकडून हाताळणीत निष्काळजीपणा.

मी उठलो आणि चहा आणायला गेलो. खरंच गेलो. आमच्यासारख्यांना अवघड जागेतून सुटायला चहाइतका चांगला रस्ता नाही. गॅसपाशी उभा राहिलो. चहा उतू जाईपर्यंत उभा होतो. मग ट्रे घेऊन आत आलो. अध्यक्षांसमोर कप ठेवला आणि तिथेच उभा राहिलो.

त्यांनी घोट घेतला. वर पाहिलं. "काय झालं? साखर विसरलात का?"

"नाही साहेब. खिडकी माझी."

"म्हणजे?"

"खिडकीत वाळवायची युक्ती माझी. बशी मी ठेवायचो. ही येण्याच्या आधीपासून. हिने फक्त आमचं ऐकलं. निष्काळजीपणा माझा, तो हिच्या नावावर घालू नका."

रुबिना माझ्याकडे अशी रागाने बघत होती, जणू मीच तिला नापास केलं. अध्यक्ष भले गृहस्थ होते. त्यांनी पेन काढलं, ती ओळ खोडली आणि बाजूला लिहिलं, 'प्रयोगशाळेतील हवेमुळे अडचण.' मी म्हणालो, "साहेब, माझं नाव घाला." ते हसले. "मामा, सहायकाचं नाव अहवालात येत नसतं." आमच्या विभागातून इतके अहवाल गेले, इतके लेख गेले, प्रत्येक वेळी मनात यायचं की कुठेतरी कोपऱ्यात आपलंही नाव असावं. आयुष्यात एकदाच तोंडाने मागितलं, तेही चुकीसाठी, आणि तेही मिळालं नाही. याला काय म्हणावं!

समिती गेल्यावर व्हरांड्यात मी रुबिनाला गाठलं. तिची दोन वर्षं माझ्यामुळे गेली, आणि त्यावर चहाबरोबर मी ते वाक्य घरोघर वाटलं. हे बोलायचं होतं. निघालं ते एवढंच.

"बाई, तुझ्या हाताला मी फार नावं ठेवली."

ती कठड्याला टेकून उभी होती. रागावलेली नव्हती आता. स्वतःचे दोन्ही हात तिने समोर धरले आणि बघत राहिली.

"मीही ठेवली, मामा," ती म्हणाली. "तुम्ही तर गमतीत म्हणायचात. मी खरंच मानलं होतं."

"माफ कर, बाई," मी म्हणालो. मॅडमनी तिला कधी 'माफ कर' म्हटलं की नाही, मला माहीत नाही. मी मात्र म्हटलं. पण दोन वर्षांचं ते असं एका वाक्यात परत देता येत नाही.

रुबिनाचा प्रबंध पूर्ण झाला. ती आता लांब, समुद्राकाठच्या एका मोठ्या प्रयोगशाळेत हेच काम करते. ईदला फोन येतो. आधी मंडळींशी बोलते, मग माझ्याशी. प्रबंधाची एक प्रत विभागात आहे. त्यात 'नमुने बंद भांड्यात वाळवले' एवढंच आहे. का, ते नाही. कोणामुळे, तेही नाही. शास्त्रात ते लिहायची रीत नाही म्हणे.

पण लोकांच्या लक्षात शास्त्र राहत नाही, चहाबरोबर ऐकलेलं राहतं. परवा कॉलेजात हयातीच्या दाखल्यासाठी गेलो होतो. नवीन प्राध्यापक मंडळी बसली होती. बोलता बोलता रुबिनाचं नाव निघालं, आणि त्यातल्या एकाने, जो तेव्हा इथे नव्हताही, सहज विचारलं, "तीच ना ती, जिला आधी जमतच नव्हतं?"

म्हणून हे छापायला दिलं. तिला पहिल्या दिवसापासून जमत होतं. खिडकी मी उघडी ठेवत होतो.